ड्रोनखाली थांबलेला ट्रॅक्टर

भाच्याची वरात लासुर्ण्याजवळ डांबरी रस्त्यावर आली आणि व्हिडिओवाल्याने ड्रोन थेट वाहनांवर नेला. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हर साठीचा असेल. त्याने वर पाहिलं, ट्रॅक्टर बंद केला, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, टोपी सरळ केली आणि मान वर करून निवांत बसला. मागे नुसता हॉर्नचा कालवा.

मी चिडून पळत गेलो. "तात्या, ट्रॅक्टर काढा की!"

"आधी ते पाखरू काढा. म्या वर बघू का रस्त्याकडं? आन् ते दिसल्यावर वर बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाय."

"परवानगी हाय आमच्याकडं," व्हिडिओवाला म्हणाला.

"माझ्या डोक्यावर उडवायची? मला तर कुणी इचारलं न्हाय."

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. नाचणारे आमचे पाहुणे माना वर करून ट्रॅक्टरच्या अगदी पुढ्यात आले होते. माझा राग जागीच विरला.

ड्रोन मुकाट्याने उसाच्या रानावर गेला. किल्ली फिरवण्याआधी ट्रॅक्टरवाला माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "पण फोटूत टोपी सरळ आली असंल न्हवं?"