बर्फ पडला की सुमनताई

बर्फ पडला की आमच्या शाळेच्या हेड, सुमनताई पाटणकर, पहाटे पाचला गमबूट चढवून घराबाहेर पडायच्या. ऐंशीच्या दशकात मिल्टन कीन्समधले बाकीचे हेड बेडरूमचा पडदा सरकवून ठरवायचे, आज शाळा उघडायची की नाही. सुमनताई मात्र सर्वांत लांब राहणाऱ्या मुलाच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथून रेडवेने, त्या लाल पायवाटेने, शाळेपर्यंत चालत यायच्या. तेही मुद्दाम बारकी पावलं टाकत. "पाच वर्षांच्या पोराला काय होणार, ते आपल्या ढांगांना काय कळतंय!" असं त्यांचं म्हणणं. एकदा पुलाखाली त्या सपशेल घसरल्या आणि बसल्या जागेवरूनच ओरडल्या, "ठरलं! बंद!"

मी तिथे शिक्षिका होते आणि शाळेसमोरच राहायचे, म्हणून अशा सकाळी मला फोनच्या कामाला जुंपलेलं असायचं. बंद शाळांची नावं लोकल रेडिओवर सांगत; तिथे खोडसाळ फोनही जात, त्यामुळे प्रत्येक शाळेचा एक पासवर्ड असे. आमचा होता 'थालीपीठ'. मात्र शाळा बंद ठेवणं सुमनताईंच्या जिवावर यायचं. "आपलं काय, चार फोन केले की सुटलो. शिफ्टला जाणाऱ्या आईनं पोराला ठेवायचं कुठे? आणि काहींना गरम जेवण मिळतं ते इथेच."

एका जानेवारीत त्या अशाच चालत आल्या. केअरटेकर रॉनबरोबर प्लेग्राउंड पाहिलं. "बॉयलर ठीक आहे गं, पण बाहेर नुसती काच झालीये. आज क्लोज." मग रेडिओ, कौन्सिल, किचन, सगळा स्टाफ, रेडिओ न ऐकणाऱ्या दोन-चार आया. पाऊण तास आम्ही फोनला चिकटलो होतो. शेवटी मी विचारलं, "डॉक्टरांना कळवू?" डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान. हॉस्पिटलमधून रिटायर झालेले, वर्षापूर्वीच बायपास झालेली.

"त्यांना कशाला? मी घरीच तर निघालेय. लेट हिम स्लीप."

डॉक्टर झोपलेले नव्हते. शाळा उघडी असली तर सुमनला गाडी लागेल, म्हणून ते घरासमोरच्या ड्राइव्हवरचा बर्फ काढत होते. सुमनताई कोपऱ्यावर वळल्या तेव्हा शेजारी कोसळलेल्या डॉक्टरांजवळ गुडघे टेकून बसला होता. गाडीमागची अर्धी वाट साफ झाली होती.

डॉक्टर गेल्याचं कळल्यावर संध्याकाळी मी घरी गेले, तेव्हा त्या सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. "सगळ्या गावाला कळवलं गं मी," त्या म्हणाल्या, "ह्यांनाच तेवढं राहिलं." मला माझाच राग आला होता. विचारत कसली बसले मी? सरळ नंबर फिरवायला काय झालं होतं? तो राग आजही गेलेला नाही.

महिन्याभरात त्या कामावर आल्या. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला शाळा सोडून एजवेअरला मुलीकडे गेल्या. त्याआधी एकदाच मोठा बर्फ पडला. त्या पहाटे सगळी रेडवे चालून आल्या, ऑफिसात फोनवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरलाही दोन शब्द सुनवणारी ही बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग. मला नाही आता ठरवता येत."

मी रॉनबरोबर प्लेग्राउंडवर फिरून आले. "बंद ठेवू या, ताई," म्हटलं आणि रेडिओला फोन लावायला रिसीव्हर उचलला. त्यांनी माझा हात धरला.

"आधी घरी."

"अहो, समोर तर आहे घर. प्रकाश झोपला असेल."

"मग उठव त्याला."

मी नंबर फिरवला. खूप वेळ रिंग वाजली. तेवढा वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही. मग माझ्या नवऱ्याचा झोपाळलेला, वैतागलेला आवाज आला, "अगं, काय झालं?"

"शाळा बंद आहे. तू बाहेर पडू नकोस."

सुमनताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बोलला?"

"हो, ताई. बोलला."

त्यांनी हात सोडला. "बरं. लाव आता रेडिओला," म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून, वर्षभरात पहिल्यांदाच माझ्यासमोर, मोठ्यानं रडल्या.