वरची जागा बुरुलची

आमच्या कोक-बुलाक गावच्या ग्रंथालयात बुरुलने सत्तावीस वर्षं काढली. त्यातल्या शेवटच्या नऊ वर्षांत घरोघर जाऊन, वाट्यांवर वाट्या चहा पिऊन तिने अख्ख्या गावाची वंशावळ वेबसाइटवर चढवली. आपल्या सात बापजाद्यांची नावं पाठ नसलेल्या पोराला आमच्याकडे गुलाम म्हणून हिणवतात. निम्मं गाव रशियात मजुरीला. तिथे पोरांकडून पाठ करून घेणार कोण?

साइट काढली तेव्हा मुख्य प्रशासक कोणाला करायचं, असं यंत्राने विचारलं. त्यात विचारायचं काय? गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्याला. ओस्मोनकुल अक्साकालांचं, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या आजोबांचं, नाव आणि फोन नंबर घातला. म्हाताऱ्याने कॉम्प्युटरला कधी बोटही लावलं नाही, पण साइटच्या माथ्यावरचं आपलं नाव बाजारात मिरवलं मात्र भरपूर. खाली बसून सगळं करायची बुरुल.

यंदा वसंतात सॉफ्टवेअर नवं आलं आणि एक मुख्य सोडून बाकी सगळे, बुरुलसुद्धा, नुसते वाचक झाले. नेमका त्याच आठवड्यात बुरुलला नोवोसिबिर्स्कमध्ये नातू झाला. "आई, एर्नाझारचं नाव घातलंस का?" मुलगा रोज फोनवर विचारी. इतक्या लांबून पोराला मांडीवर घेणं नशिबात नव्हतं, निदान नाव तरी आपल्या हाताने लिहावं, एवढंच तिला हवं होतं.

नव्या पासवर्डसाठी लागणारे आकडे अक्साकालांच्या फोनवर येणार होते. मागायचे कसे? गाव आपल्याला जागेवरून उठवतंय, असं म्हाताऱ्याला वाटलं तर? बुरुल दोनदा साय घेऊन गेली, मेंढ्यांबद्दल बोलली आणि मूग गिळून परतली.

तिसऱ्या खेपेला अक्साकालच म्हणाले, "पोरी, साय गोड आहे, पण तुझं तोंड कडू दिसतंय. बोल की."

तिने सगळं सांगितलं. "मुख्य तुम्हीच राहा, अक्साकाल. मला फक्त आत जाऊ द्या."

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. "या वंशावळीत तुझं नाव कुठे आहे?"

"बायकांची नसतात ना."

"हं." त्यांनी फोन लांब धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला. बुरुलने ते आपल्या फोनवर घातले तशी साइट उघडली. ते म्हणाले, "आता मुख्याच्या जागी तुझं लिही."

"तुम्ही असताना मी वर बसू?"

"मी उठतोय ना! नऊ वर्षं मी नुसता बसलो आणि राबलीस तू. मला लाज वाटायची वेळ आणू नकोस."

त्यांनी दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद दिला आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. बुरुलनेही फिरवले, तिचे ओलेच झाले. मग तिने आधी मुख्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि आपल्या नवऱ्याच्या, मुलाच्या ओळीखाली नातवाचं. लिहून होताच मुलाला फोन लावला.

"दिसलं, आई! पोराचं दिसलं. आणि सगळ्यात वर... आई, हे तुझं नाव?"

अक्साकालांनी फोन ओढून घेतला.

"जरा थांब रे. तुझ्या आईला रडू दे."