भिंतीपलीकडे ऐकू जाणारी कॉफी

तिसऱ्या दुकानातून बाहेर पडल्यावर पुतणीने बसची आठवण करून दिली, तर मोजेकाकू म्हणाली, "बसमध्ये बसून दुकानं सापडतात का?" आणि ताडताड पुढे चालू लागली. बाई सत्तरीच्या पुढची, पण चाल अशी की तरण्याताठ्या पुतणीला मागून धापा टाकत यावं लागत होतं. घ्यायचं काय, तर कॉफी करायचं मशीन. तेही कुणासाठी, तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, अर्धा कप कॉफी पिणाऱ्या बाईसाठी.

"काकू, आधीच्या दुकानात किती छान होतं ते चंदेरी! देखणं तरी केवढं!"

"देखणं होतं गं. पण मुकं होतं."

मोजेकाकूचा उभा जन्म मोज्यांच्या कारखान्यात गेला. विणायच्या मशीनच्या रांगेमधून ती दिवसभर फिरायची, आणि त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. कारखाना सुटला, आवाज काही खाली आला नाही. देवाने तिला मन मोकळं दिलं आणि आवाजही तसाच सढळ हाताने दिला. तिने कानात सांगितलेलं गुपित जिन्यापर्यंत ऐकू जाई. घरात बाळ जन्मो, कुणी परीक्षा पास होवो, कुणाचं लग्न ठरो, मोजेकाकूकडून मोजे यायचेच. नात्यातल्या एकाही माणसाचे पाय तिने उघडे राहू दिले नव्हते. आणि मशीनबद्दल तिचं मत ठाम होतं: चालू मशीन बोलतं, गप्प झालं की समजावं, काहीतरी बिघडलंय.

तसं बिघडलं होतंच. काकूच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून तिच्या थोरल्या जाऊबाईंचं स्वयंपाकघर. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या गावी पांगली, आणि मध्ये राहिली ही एक भिंत. जाऊबाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, कान अजून तिखट. काकूकडे कॉफीचं एक जुनं भांडं होतं. शेगडीवर ठेवलं की पाणी मधल्या नळीतून वर उसळायचं, झाकणावर आपटायचं आणि चाळणीतल्या पुडीतून खाली झिरपायचं. खदक खदक, टक टक. ते वाजलं की थोड्याच वेळात रिकामी वाटी घेऊन जाऊबाई दारात उभ्या. "धाकटे, साखर आहे का गं?" मग साखर राहायची बाजूला, दोघी दोन तास बोलत बसायच्या. हे इतकी वर्षं चाललं होतं. जाऊबाईंच्या घरात साखर कधीच संपलेली नसते हे दोघींनाही ठाऊक होतं, पण एकीनेही ते कधी तोंडातून काढलं नाही.

मग भांड्याचं बूड जळून गेलं. लेकाने मायेने नवं मशीन पाठवलं. त्यात कॉफीची छोटी डबी घालायची, बटण दाबायचं. मांजरासारखं क्षणभर गुरगुरतं की कॉफी तयार. वास मात्र खिडकीतून पलीकडे जायचा. आवाज नाही आणि वास आहे, याचा जाऊबाईंनी एकच अर्थ लावला: धाकटी हल्ली चोरून कॉफी पिते. दोन महिने झाले, त्या आल्या नव्हत्या. परवा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "चालू दे तुझं. वास येतो हो आम्हाला." त्या "आम्हाला"ने काकूची झोप उडाली होती.

"अगं, मग सरळ सांग ना त्यांना. कॉफीला बोलाव."

"बोलावलं होतं. 'आत्ताच चहा झाला' म्हणाली. तिला बोलावलं की ती पाहुणी होते, आणि पाहुणी व्हायला ती तयार नाही."

"मग मशीनचं सांग. आवाज करत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही, असं."

मोजेकाकू रस्त्यातच थांबली. "म्हणजे मी तिला तोंडावर सांगू, की तुम्ही आवाज ऐकून यायचात? मग त्या साखरेचं काय? या वयात तिला खाली मान घालायला लावू?"

दोघी पुन्हा चालू लागल्या.

मोठ्या दुकानांतली पोरं तशी भली होती. एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, "मावशी, कधीतरी कॉफी पिणाऱ्याने हे मोठं घेऊ नये. टाकीत पाणी साचून राहतं, वास मारतं. साधं घ्या, वापरलं, धुतलं, पालथं घातलं."

"बरं बोललास. आणि आवाज?"

"आवाजाची काळजीच नको! शेजारी झोपलेलं माणूससुद्धा उठणार नाही."

"मग राहू दे बाबा," म्हणून काकूने पिशवी उचलली होती.

आता गल्लीच्या तोंडाशी एक जुनं भांड्यांचं दुकान लागलं. आत, फळीवर, काकूच्या भांड्याचे भाऊबंद ओळीने बसलेले! काकूने हातच जोडले. दुकानदार म्हातारा होता, त्याच्याकडे चहासाठी विजेची शेगडी होती आणि गिऱ्हाइकांची गर्दी नव्हती. काकूने त्याला भांड्यांत पाणी घालून एकेक उकळायला लावलं आणि पुतणीला फर्मान सोडलं, "जा, शेजारच्या दुकानात जाऊन भिंतीला कान लाव."

शेजारचं दुकान पडद्यांचं. पुतणी पडद्यांच्या मागे शिरली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

"काय दाखवू?" पडदेवाली बाई उठून आली.

"काही नको. भिंत बघतेय."

"भिंत विकायची नाहीये."

पुतणीने कसंबसं सगळं सांगितलं. पडदेवालीनेही पदर सावरून शेजारी कान लावला. पहिल्या भांड्याचं काहीच आलं नाही. दुसऱ्याचं पोटात गुडगुडावं तसं काहीतरी. तिसरं मात्र बोललं. खदक खदक, टक टक, टक टक! पाठोपाठ भिंत नसल्यासारखा काकूचा आवाज आला, "ऐकू येतंय का गं?"

"तूही ऐकू येतेयस, काकू!"

दोघी धावत पलीकडे गेल्या. दुकानदार ओशाळून म्हणत होता, "याचं झाकण जरा सैल आहे. थांबा, घट्ट बसवून देतो."

"हात लावू नका!" काकू ओरडली. "झाकणासकट द्या, आहे तसं!"

पडदेवाली शेगडीवर वाकून म्हणाली, "काय हो काका, नुसतंच पाणी? मी आपली कॉफी असेल म्हणून आले." यावर काकू टाळ्या पिटत हसली. "बघा! आलीच की नाही ही! भांडं पारखून झालं."

घरी पोचेपर्यंत पुतणीच्या पायांचे तुकडे पडले होते. काकूने चपला काढल्या, भांडं धुतलं, पूड घातली, "देवा, तूच रे बाबा," म्हणून शेगडी पेटवली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. भांडं आधी सुं सुं करत राहिलं, मग त्याने एकदम तोंड उघडलं. खदक खदक, टक टक. खिडकीतली पाखरं उडाली. भिंतीपलीकडे मात्र चिडीचूप. पुतणीनेही मनातल्या मनात देवाला सांगून पाहिलं. वेळ जात होता, कॉफी काळीकुट्ट होत चालली होती, काकू शेगडी बंद करायला तयार नव्हती. तिचा हात पदराच्या टोकाला नुसता पीळ घालत होता.

पलीकडे खुर्ची सरकली.

मग सपाता वाजल्या. दार ढकलून जाऊबाई आत आल्या. हातात वाटी.

"साखर आहे का गं, धाकटे?"

"आहे की! बसा ना."

"बसते कसली. केवढं खडखडतंय ते मेलं! डोळा लागला होता माझा." असं म्हणत त्या बसल्या, तेही नेहमीच्याच खुर्चीत. भांड्याकडे रोखून बघितलं. "आणि इतके दिवस जी चोरून ढोसत होतीस, ती..." एवढ्यात त्यांचं लक्ष पुतणीकडे गेलं. त्यांनी ओठ मिटले आणि वाटी टेबलावर सरळ केली. "तू कधी आलीस गं? बरी आहेस ना?"

पुतणीने उत्तर द्यायच्या आधीच मोजेकाकूने तिचा दंड धरून तिला दाराशी नेलं. तोंडभर हसत होती, डोळे मात्र भरून आले होते. आवाज जमेल तेवढा खाली आणून ती म्हणाली,

"तुझी कॉफी उद्या हं, बाळा. आता एवढं कर, तू नीघ. ती तुझ्यादेखत मला बोल लावायची नाही, आणि मला आज ते पोटभर ऐकायचेत."