सासऱ्यांचं मिनी महाबळेश्वर

माझं माहेर वाईचं, सासर जव्हारचं. लग्न आम्ही दोघांनी परस्पर ठरवलं, म्हणून माहेरचं कुणी माझ्या घरी फिरकलं नव्हतं. शेवटी आईला राहवेना, तेव्हा वडिलांनी तोड काढली. आधी मी बघून येतो, बरं वाटलं तर तू ये. म्हणजे आईचं येणं वडिलांच्या पसंतीवर आलं. आणि वाईबाहेरचं काही त्यांना पसंत पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. नाशिकला गोदावरी पाहून ते म्हणाले होते, कृष्णेच्या घाटाची सर नाही.

त्यात माझे सासरे. जव्हारला सगळेच मिनी महाबळेश्वर म्हणतात, पण सासरे तेवढ्यावर थांबतील तर शपथ. दाभोशाचा धबधबा मिनी नायगारा, मोखाड्याचा घाट मिनी खंडाळा आणि परसातली आंब्याची दोन झाडं मिनी रत्नागिरी. स्वतः नाशिकच्या पुढे कधी गेलेले नाहीत. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की वडिलांपुढे महाबळेश्वरचं नाव काढू नका, त्यांचा उभा जन्म वाईहून तिकडे जाणाऱ्या घाटात ये-जा करण्यात गेलाय. सासऱ्यांनी मान डोलावली आणि एसटी स्टँडवर पाहुण्यांची पिशवी हातात घेता घेताच सुरू झाले.

वडिलांनी दुपारी नागलीची भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली, पण बरं म्हणाले नाहीत की वाईट. मला तर रडूच यायला लागलं. संध्याकाळी सासरे त्यांना सनसेट पॉइंटला घेऊन निघाले. दोघांची जुंपू नये म्हणून मीही मागोमाग गेले.

सूर्य दरीपलीकडच्या डोंगराला टेकला. सासरे एकदम हळू आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, मी काय महाबळेश्वर पायला नाय. लोकं बोलतात तसा बोलतो. खरंच असा हाय का तिकडं?"

वडिलांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तिकडं गर्दी लई," वडील म्हणाले. "एवढं निवांत बसून मी कधी सूर्य बघितला नाही."

सासरे असे खूश झाले, की परतताना त्यांनी 'मिनी' म्हणायचंच सोडून दिलं. दाभोसा आता थेट नायगारा झाला होता आणि वडील हुं हुं करत होते.

घरी पोचतो तोच आईचा फोन आला. वडील तिला सांगू लागले, की वाईसारखं इथं काही म्हणता काही नाही. माझं तोंड उतरलं. मी उठून स्वयंपाकघरात निघाले, तर मागून त्यांचा आवाज आला.

"येताना स्वेटर आण. लेकीकडं थंडी असती."