पडद्यावर टॉवेल टाकणाऱ्या सुनीतीताई

सुनीतीताई राऊत यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या एका खरमरीत उत्तराने. लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्या मराठी माणसांचा आपला जो ऑनलाइन गट आहे, त्यावर मी फोनवरून लिहिलं होतं, "अपडेटनंतर कॉम्प्युटर चालत नाही. मदत करा." ताईंचं उत्तर आलं, "चालत नाही म्हणजे काय? तुम्ही काय केलंत आणि त्यावर मशीन काय म्हणालं, ते जसंच्या तसं लिहा." तिखटपणात मीही काही कमी नाही. मी लिहिलं, "मशीन काहीच म्हणत नाही, हेच तर दुखणं आहे. मी आंधळा आहे."

फुलपाड्याच्या माझ्या घरात फोनप्रमाणेच कॉम्प्युटरही पडद्यावरचं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवतो. त्या आवाजाच्या भरवशावर मला नुकतंच घरबसल्या काम मिळालं होतं: मुंबईच्या एका कार्यालयातल्या सभांचं ध्वनिमुद्रण ऐकून टंकायचं. अजून उमेदवारीचा काळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम पोचतं करायचं होतं आणि अपडेटने नेमका आवाजच गिळला होता. काम हुकलं असतं तर माझ्या जागी बसायला दुसरा कोणीतरी तयारच होता.

गटातली माणसं धावून आली, पण डोळसांच्या रीतीने. "स्क्रीनशॉट टाका." "उजवीकडे वर लाल खूण दिसते का?" अहो, दिसली असती तर हवं होतं काय! तेवढ्यात ताईंनी लिहिलं, "माझं चुकलं. मला थोडा वेळ द्या."

त्या वेळात काय घडलं, ते त्यांच्या सूनबाईंनी मला पुढे सांगितलं. "आईंनी मॉनिटरवर टॉवेल टाकला आणि नुसत्या कीबोर्डवर बसल्या. मी चहा आणला, टॉवेल उचलायला गेले, तर ओरडल्या, हात लावू नकोस, मी आंधळी आहे!"

मग त्यांचं उत्तर आलं. त्यात एकही चित्र नव्हतं, फक्त कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबायची ते. आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडली की नाही, हे मला कळावं म्हणून त्यांनी युक्ती काढली होती: सीडीचा ट्रे बाहेर काढायची आज्ञा टंका आणि ट्रेपाशी हात धरा. मी तसं केलं. ट्रे सरसर बाहेर आला आणि माझ्या बोटांना लागला. पुढची ओळ आवाज पुन्हा स्पीकरकडे वळवण्याची होती, कारण अपडेटनंतर तो स्पीकर नसलेल्या, मुक्या मॉनिटरकडे जात होता. ती टंकली आणि कॉम्प्युटर बोलू लागला. मला रडू कोसळलं. काम वेळेत गेलं आणि त्याच नोकरीवर आज माझं घर चालतं.

पेढे घेऊन मी बोळिंजला ताईंच्या घरी गेलो, तर आत घेण्याआधीच ताईंनी विचारलं, "कसं सुटलं ते गटावर लिहिलंत का? मग आधी ते लिहा." ही त्यांची शिस्त. खाजगी फोनवर त्या कुणाला उत्तर देत नाहीत. ज्याची अडचण सुटली, त्याने ती कशी सुटली ते स्वतःच्या शब्दांत सर्वांसाठी लिहायचं. चांदीपच्या एका भातशेतकऱ्यांनी एकदा कुरकुर केली, "ताई, काम झालं, पन मला कुठं लिवता येतंय?" ताई म्हणाल्या, "बोलता तसंच लिहा. पुढच्याला तेच कळेल." त्या शेतकऱ्यांनी तसंच लिहिलं, आणि ते उत्तर आजही लोकांच्या उपयोगी पडतं. माझ्या प्रसंगानंतर गटात नियम झाला की नुसतं चित्र टाकून उत्तर द्यायचं नाही. पेढ्यांच्या बदल्यात मला मात्र त्यांच्या केळीच्या वाडीतला अख्खा घड उचलून आणावा लागला. नाही म्हणायची सोय नव्हती.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, निवृत्तीनंतर वाडी आणि नातवंडं, आणि मग हा गट, असा ताईंचा प्रवास. त्या फटकळ आहेत, हे त्यांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या या लेखातही लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांनी फटकारलेला माणूस मदतीवाचून परत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गेल्या महिन्यात गटावर ताईंचा एक प्रश्न आला. त्यांना स्वतःसाठी काही विचारताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. "काचबिंदू वाढलाय. अक्षरं दिसेनाशी झालीत. वाचून दाखवणारा आवाज मला कोणी शिकवेल का?"

एरवी उत्तरांची झुंबड उडते. त्या दिवशी कोणीही लिहिलं नाही. उत्तर कोणी द्यायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी लिहिलं, "ताई, घाबरू नका. कीबोर्डवर हात ठेवा, मी सांगतो."

आता त्या माझ्यापेक्षा भरधाव वेगाने ऐकतात आणि आवाज फार रेंगाळतो म्हणून माझ्याकडे तक्रार करतात. हा लेखही त्या ऐकूनच वाचतील. ताई, प्रकृती ठणठणीत राहो आणि शंभरी पार करूनही तुमचं फटकारणं आमच्या वाट्याला येत राहो. आणि कुठे अडलं, तर संकोच न करता विचारा. आम्ही सगळे इथेच आहोत.