ठिपके नसलेली पानं

वन्सं उद्या सकाळी प्रकाशकाकडे जाऊन आपली कादंबरी परत मागणार आहेत, हे जेवताना कळल्यापासून माझ्या डोक्याला भुंगा लागला आहे. नुसती परत मागणार नाहीत. यापुढे लिहिणारही नाही, असं त्यांनी फोनवर माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, सांगून टाकलं. त्यानं ते मला घास चावता चावता सांगितलं. वर म्हणाला, "ताई एकदा बोलली की बोलली. तू नको त्यात पडूस." आणि हात धुऊन झोपायलाही गेला. या माणसाला झोप लागते तरी कशी, हा माझ्या संसारातला जुना प्रश्न आहे. मला लागत नाही. काळजी करणं हे घरातलं आईचं खातं आहे, असं लेक म्हणते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. कादंबरीकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं त्यांच्यात काहीच नाही. त्यांनी सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत केली. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतलं लाल बटण दाबायचं असतं. ते दाबल्यावर ज्या खोलीत फोन वाजतो, त्या खोलीत त्या बसत. कानाला हेडफोन, भिंतीवर शहराचा नकाशा, टेबलावर पाण्याची बाटली. मिस्त्री पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच काम. स्वतः मात्र राहायला बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एकट्या. त्यावरून घरात त्यांची यथेच्छ टिंगल होते आणि तीत त्याही सामील होतात.

लग्न होऊन मी नवीन आले होते तेव्हा एकदा त्यांना विचारलं होतं, इतका वेळ अनोळखी माणसाशी बोलता तरी काय? त्यांनी भाजी निवडता निवडता समजावलं. पहिल्यांदा विचारायचं, दिवा चालू आहे का. मग, सोबत कोण आहे. मग, पिशवीत काय काय आहे. पिशवीतल्या वस्तू सांगायला लागला की माणसाचा श्वास जाग्यावर येतो. आणि 'पाच मिनिटांत येतील' असं कधीही म्हणायचं नाही. तसं म्हटलं की तो घड्याळाकडे बघत बसतो, आणि पाच मिनिटं उलटली की आपल्या शब्दाला किंमत उरत नाही.

या खोलीतूनच त्यांच्या कादंबऱ्या निघाल्या. सगळ्या अंतराळातल्या. नवरा एकदा म्हणाला, "ताई, तुझी यानं म्हणजे लिफ्टच की. फक्त मजले जास्त." मला वाटलं, आता भडका उडतो. तर त्या म्हणाल्या, आजवर माझ्यावर जे काही छापून आलं त्यापेक्षा हे बरं आहे. अडकलेली माणसं बोलण्याच्या भरात मनातलं काय काय सांगून जात, पण त्यातला एक शब्दही त्यांनी कधी कादंबरीत घेतला नाही. तो ऐवज त्यांचा, म्हणत.

अंतराळाचं त्यांना वेड आहे, पण वेगळ्याच तऱ्हेचं. कुणी कुठं आधी झेंडा रोवला, यात त्यांना रस नाही. "पोचला ही बातमी झाली," असं त्या म्हणतात, "तिथून काय बोलला, ही गोष्ट." एखादं यान गप्प झालं की घरातलं कुणी आजारी पडल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. मग कोपऱ्यातल्या चार ओळींच्या बातम्या शोधून वाचायच्या: अजून कुणी ऐकत बसलंय का, रोज हाक मारतंय का. परग्रहावर गावं वसवणार असं कुणी म्हणालं की त्या हसतात. आमच्या जिन्यातला दिवा गेलाय, तो बदलायला कुणाला सवड नाही, आणि हे तिकडे गावं वसवणार! पण लगेच म्हणतात, तरी जाऊ देत. गेलेल्याला परत आणायची सोय करता करता माणूस जरा शहाणा होतो.

पहाटे उठून त्या लिहितात आणि वर्तमानपत्र दुपारी उघडतात. आधी वाचलं तर त्यांची पात्रं बातमीदारासारखी बोलायला लागतात म्हणे. मात्र दुपारी वाचतात ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. एकदा मी गेले होते तेव्हा पानावर वरच्या अंगाला झेपावणाऱ्या अग्निबाणाचं छायाचित्र होतं आणि त्याच्या खालीच बाँब पडून बेचिराख झालेल्या गल्लीचं. दोन्हीकडे धूर. त्यांनी अंकाची घडी घालून ती मांडीवर ठेवली. मी म्हटलं, नका ना वाचू, त्रास करून घेता. म्हणाल्या, न वाचून थांबणार असेल तर नाही वाचत. मग चहा टाकायला उठल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, हे सगळं गोष्टीत कोंबताही येत नाही. त्या गर्दीतला एखादा माणूस उचलायचा आणि बाकीचं वर्तमानपत्राला ठेवायचं.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. हा शब्द त्यांना आवडायचा नाही, पण दुसरा मला सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी लेक दुसऱ्या देशात शिकायला होती आणि तिथलं सरकार उलथलं. विमानतळ बंद, रस्त्यावर गोळीबार. ती वसतिगृहाच्या खोलीत, पलंगाच्या आडोशाला बसलेली. तिचा फोन लागला आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. 'जेवलीस का, जेवलीस का' एवढंच विचारत होते. पोरगी जास्तच घाबरली. वन्सं योगायोगानं आमच्याकडे होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "आत्या बोलतेय. दिवा चालू आहे का गं?"

त्यानंतर सगळी दुपार त्या बोलत होत्या. सोबत कोण आहे, तर मैत्रीण. तिच्या बॅगेत काय आहे, तुझ्या बॅगेत काय आहे, एकेक वस्तू बाहेर काढून सांग. मधेच तिकडून हसल्याचा आवाज आला. 'सगळं ठीक होईल' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नंतर मी विचारलं, तेवढा तरी धीर द्यायचा होता. तर म्हणाल्या, मला कुठं माहीत होतं? अंधार पडायच्या सुमाराला मुलींना न्यायला गाडी आली. गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकल्यावरच त्यांनी फोन ठेवला. घसा पार बसला होता. पाणी पिऊन घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "त्या दोघींकडे मिळून नऊ चार्जर आहेत. पैसे पाठवताना जरा बघत जा."

लेक सुखरूप परतली. मी आभार मानायला गेले तर मला बोलूच दिलं नाही. आयुष्यभर पगार घेऊन करत होते ते काम, एकदा फुकट केलं, म्हणाल्या आणि माझ्या हातात लसणाचा गड्डा दिला, सोल म्हणून.

त्यानंतर ही नवी कादंबरी सुरू झाली. यानात एकटी बाई आहे, बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करायला गेलेली. खाली जमिनीवर युद्ध सुरू होतं. तिच्याशी बोलणाऱ्या खोलीतली माणसं एकेक करून उठून जातात. कुणी घरी, कुणी सीमेवर. शेवटी एक मध्यमवयीन गृहस्थ उरतो, आणि तो बोलत राहतो. या गृहस्थानंच वन्संना छळलं. आजच्या दिवसांत असा कोण थांबतो, असं त्या पुन्हापुन्हा म्हणत. रोज दुपारी पेपर वाचायचा आणि पहाटे हा असला माणूस लिहायचा, हे खोटं तर होत नाही ना? माणसाला उगाच गोंडस करतेय का मी?

आता इथं एक रीत सांगायला हवी. वन्संची पहिली वाचक मी. पण मत द्यायला मला बंदी आहे, आणि 'छान' या शब्दाला तर त्यांच्या घरात प्रवेशच नाही. पानांच्या गठ्ठ्याबरोबर त्या एक पेन्सिल देतात. वाचताना जिथं पानं खाली ठेवावी लागतील, तिथं समासात एक ठिपका द्यायचा. कारण काहीही असो. दूध उतू गेलं, दारावरची बेल वाजली, जांभई आली. त्यांचं म्हणणं, गोष्टीनं धरून ठेवलं असतं तर तुला बेल ऐकूच आली नसती. मग जिथं ठिपका असेल तिथं त्या पुन्हा लिहायला बसतात. पहिल्या कादंबरीची पानं मी परत दिली तेव्हा समासांना गोवर उठल्यासारखा दिसत होता. वन्सं खूश झाल्या होत्या.

या वेळी प्रकाशकाला घाई होती म्हणून एक प्रत आधीच त्याच्याकडे गेली. माझे ठिपके बघून दुरुस्त्या मागाहून पाठवायच्या, असं ठरलं. मी दुपारी वाचायला घेतली. उजेड कमी झाला तशी पानं घेऊन खिडकीशी सरकले, मग दिव्याखाली. नवरा येऊन काहीतरी विचारून गेला म्हणे. त्या दिवशी घरात अंडी आणि पाव यावर भागलं. संपलं तेव्हा पेन्सिल कुठं घरंगळली होती तेही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा नीट बांधून नेऊन दिला. मनात म्हटलं, बघतील तेव्हा कळेलच त्यांना. त्यांनी विचारलं, "वाचलंस?" मी म्हटलं, "हो." बंदी होती, म्हणून पुढं बोलले नाही. केवढी शिस्तीची मी! त्यांनी गठ्ठा कपाटात ठेवला आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

आणि आज नवरा सांगतो, ताई म्हणाली, हिनं पानं उलटलीसुद्धा नाहीत. एवढ्या वर्षांत एक ठिपका नाही असं कधी झालं नव्हतं. तिच्यानं वाचवलं नसेल, आणि तोंडावर सांगवलं नसेल. घरच्या माणसालाच तो गृहस्थ पटत नाही, तर परक्यांना कुठल्या तोंडानं देऊ?

सगळं आवरल्यावर हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की त्यांना सांगायचं काय ते आधी स्वतःला कळावं. मला फोनवर धड बोलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे!

तर सांगायचं ते असं, की मला पानं खाली ठेवताच आली नाहीत. आणि तो गृहस्थ खोटा नाही. मी त्याला बघितलंय. माझ्याच स्वयंपाकघरात, स्टुलावर बसलेला, घसा बसेपर्यंत बोलताना. दार लागेपर्यंत फोन न ठेवणारा. त्यांना स्वतःकडे बघायची सवय नाही, म्हणून ओळखू आला नाही. तो छापून आला तर कुठल्या तरी अनोळखी आईला असं कुणी असतं हे कळेल. मला कळलं, ते कुणालाही कळायला हवं.

सकाळी बोलावं, असंही मनात आलं होतं. पण प्रकाशकाकडे जायला त्या लवकरच निघतील आणि रस्त्यात फोन पिशवीच्या तळाशी असतो. इतक्या रात्री घंटा वाजली तर दचकतील, हेही खरं. अवेळी वाजलेल्या फोननं काळजाचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. म्हणून पहिलं वाक्य ठरवून ठेवलं आहे: सगळे बरे आहेत, वन्सं, लेकही बरी आहे. त्यानंतरचं जसं येईल तसं. रडू आलं तर येऊ दे, रागावल्या तर रागावू देत, 'छान' तोंडातून निसटलं तर तेही निसटू दे.

लावतेच फोन.