छातीवर न घेतलेला चेंडू

सुंदरम्मा निवृत्त झाली तेव्हा तिला विसावं सरलं होतं. सोलापुरात तिच्यासारख्या पोरी फुटबॉल खेळायला लागल्या पंचाहत्तर साली, आणि तिचा खेळ संपला अठ्ठ्याहत्तर साली. सगळी कारकीर्द तेवढीच. ती फुलबॅक होती. म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभं राहायचं, येईल तिला अडवायचं आणि चेंडू काढून लांब भिरकावायचा. गोल करणारीला हार पडतात. बॅकच्या वाट्याला सोललेल्या नडग्या येतात. सुंदरम्माची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

बाप चनमल्लप्पा, भुसाराचा व्यापारी. मंगळवेढ्याची ज्वारी त्यांच्या दुकानात पोत्यांनी उतरायची. ही धाकटी लेक अंगानं थोराड आणि बोलायला महाकंजूष. शाळेत खेळाचे मास्तर होते उपळाईकर सर. ते पुण्याला कुठल्याशा शिबिराला गेले आणि मुलींना फुटबॉल शिकवायचं खूळ डोक्यात घेऊन आले. सरांनी एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाच्यानंही ते निघत नसे. सात रस्त्याजवळच्या मोकळ्या मैदानावर संध्याकाळी पोरी पळायला लागल्या, आणि सायकलवाले पाय टेकून बघायला लागले. बघ्यांचं काय, त्यांना पळणारं गाढवही चालतं.

घरी हाफ पँटवरून महाभारत झालं. अखेर गुडघ्याखाली येणारी पँट आणि त्याखाली लांब मोजे, असा तह झाला. उरला प्रश्न लिंगाचा. लिंगायताच्या घरची पोर, दीक्षा झाल्यापासून इष्टलिंग गळ्यात. ते अंगावेगळं करायचं नाही. अंघोळीला नाही, झोपताना नाही. लिंग ठेवायची चांदीची डबी, करडगी, खेळताना टोचेल, म्हणून तिच्या अव्वानं, म्हणजे आई कमलम्मानं, लिंग पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि छातीवर घट्ट बसेल अशी पट्टी शिवून दिली.

"पड, धडपड, काय बी कर," अव्वा म्हणाली, "पर ह्याला धक्का लागू देऊ नगंस."

"व्हय अव्वा."

आता, फुटबॉलात चेंडूला हात लावायचा नसतो. उंच आलेला चेंडू बॅकनं छातीवर झेलायचा आणि पायाशी पाडायचा, हे पहिलीतलं अक्षर. सुंदरम्मानं ते अक्षर कधी गिरवलंच नाही. चेंडू छातीच्या उंचीला आला की तिचा डावा खांदा आपोआप पुढं व्हायचा. तिनं खांद्यावर घेतला, पाठीवर घेतला, एकदा तोंडावर घेऊन दात हलवून घेतला. छातीवर मात्र नाही.

"छाती दे गं, छाती!" सर बाहेरून ओरडायचे. मग एक दिवस त्यांचे त्यांनाच शब्द ऐकू आले असावेत. ते लालबुंद झाले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. त्यांनी समजून घेतलं की पोरगी लाजते. भला माणूस, पण ब्राह्मणाघरचा. पट्टीखाली काय आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि ती सांगेल कशी? सरांना सांगितलं तर ते म्हणतील, काढून ठेव. अव्वाला सांगितलं तर ती म्हणेल, खेळ सोड. दोन्हीकडून काहीतरी सोडावंच लागणार, म्हणून ती दोन्हीकडे गप्प राहिली. बाकी पायानं ती असा काही बंदोबस्त ठेवायची की गोलकीपर यशोदा म्हणायची, "तू असल्यावर मी हितं स्वेटर विणत बसले तरी चालंल."

अठ्ठ्याहत्तर साली जिल्ह्याचा संघ कोल्हापूरला स्पर्धेला निघाला. तिथून राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी तिला दुकानात बोलावलं.

"मंगळवेढ्याचं पावणं लई दिवस थांबलेत," ते म्हणाले. "निवड झाली तर खेळ, मी त्यांना नगं म्हणतो. न्हाय झाली तर मात्र होकार कळवणार. चालंल?"

बाप वाईट नव्हता. त्या काळात असा सौदा किती बाप करत होते? ती "चालंल" म्हणाली. निवड होणार याबद्दल तिला शंका नव्हती, सरांना तर अजिबातच नव्हती.

अंतिम सामन्यात बरोबरी होती. खेळ संपत आलेला. समोरच्या संघाच्या पोरीनं जवळून चेंडूला लाथ घातली आणि यशोदा झेपावून चुकली. मागं गोलच्या रेषेवर एकटी सुंदरम्मा उभी. चेंडू सरळ तिच्या छातीवर येत होता. जोर फार नव्हता. जागेवर नुसती उभी राहिली असती तरी काम झालं असतं. पण खांदा पुढं झाला. चेंडू दंडाला घासून वळला आणि जाळीत गेला.

सगळं मैदान ओरडलं. ती रेषेवर उभी राहिली. सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले तिनं पाहिले. यशोदा मातीत बसून रडत होती, आणि आपल्यालाही रडू यायला पाहिजे असं सुंदरम्माला वाटलं. पण आलं नाही. निवडीची नावं पुकारली, त्यात तिचं नव्हतं. निवडणाऱ्यांपैकी एक जण जाता जाता म्हणाला, "बॅक चांगली आहे, पण भित्री."

एस.टी.त यशोदानं विचारलं, "का वळलीस गं?"

"कळलंच न्हाय," सुंदरम्मा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

होकार गेला. लग्न झालं. नवरा निंगप्पा सरळ माणूस, सासू गिरिजाबाई तोंडाची फटकळ पण हाताची सैल. दुःख म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं. सुंदरम्मा उठायची, भाकऱ्या थापायची, खळ्यावर जायची, झोपायची. कुणी हसलं की हसायची. गल्लीत पोरांचा चेंडू पायाशी आला तर वाकून हातानं उचलून परत द्यायची. सुरुवातीला तिला वाटलं, हे बधिरपण जाईल. मग तसं वाटायचंही थांबलं.

पहिल्या पंचमीला ती माहेरी आली. मायलेकी शेंगदाण्याचे लाडू वळत बसल्या होत्या.

"तुझं सर दुकानात आलतं," अव्वा म्हणाली. "अजून तेच बोलत्यात. लाथा खाल्ल्या, दात हलवून घेतला, मग तेवढ्या एका चेंडूला पोरगी भ्याली कशी, म्हनं. का गं वळलीस?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "छातीवर येत हुता," सुंदरम्मा म्हणाली. "लिंगाला लागला असता."

अव्वाचा हात थांबला.

"अगं, मग दंडाला बांधून दिलं असतं की," ती म्हणाली. "तुझं अप्पा आधी सोता पोती उचलायचं, तवा छातीवर दाब पडायचा. माझ्या सासूनं मठातल्या सामींना इचारून त्यांच्या दंडालाच बांधलं हुतं. अंगावर असलं म्हंजे झालं, म्हनालं सामी. मला वाटलं, चेंडू पायानं खेळत्यात, छातीला कशाला लागंल? एकदा इचारायचं तरी हुतंस की गं मला."

अव्वानं पदर डोळ्याला लावला. सुंदरम्मानं आपल्या आत चाचपून बघितलं, कुठं काही दुखतंय का. काहीच दुखत नव्हतं, आणि तिला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. पण अव्वाचं रडणं थांबेना, तेव्हा समजूत घालायचं कामही तिलाच करावं लागलं.

"जाऊ दे की अव्वा," ती म्हणाली. "मला तरी कुटं लई आवडत हुतं खेळायला."

आणि तिनं पुढचा लाडू वळायला घेतला.